ओढ्याच्या अलीकडे बंद पडलेली गाडी

त्या वर्षी माझी पोस्टिंग घाटावरच्या एका इंजिनिअर रेजिमेंटमध्ये होती. इंजिनिअर म्हणजे पूल बांधणारे, सुरुंग काढणारे. मी त्यातला नाही. मी हवालदार गायकवाड, व्हेईकल मेकॅनिक. रेजिमेंटच्या गाड्या चालत्या ठेवणं हे माझं काम. गाव दहिवली, कर्जतच्या कडेला. मिलिटरीत होतो म्हटलं की लोक हटकून विचारतात, "गोळी झाडली का हो कधी?" झाडली. रेंजवर, पुठ्ठ्यावर. बाकी सगळी नोकरी गाडीखाली उताणा पडून काढली. कुणाला हे ऐकून वाईट वाटतं, त्याला माझा इलाज नाही.

घराजवळ पोस्टिंग मिळाली म्हणून बायको खूश होती. घाट उतरला की घर, असं ती सगळ्यांना सांगत सुटली होती. प्रत्यक्षात मी दोन महिन्यांत एकदाच घरी गेलो होतो, आणि दुसऱ्यांदा खाली उतरलो तो कॉलमबरोबर, म्हणजे मदतीला निघालेल्या तुकडीबरोबर.

ऑगस्ट चालू होता. लावण्या उरकल्या होत्या आणि पाऊस काही थांबत नव्हता. संध्याकाळच्या रोल कॉलनंतर सुभेदार मोरे साहेबांनी मला बोलावलं.

"गायकवाड, कर्जत-खालापूरचा भाग तुझा ना?"

"होय साहेब. सासुरवाडीपण तिकडेच आहे."

"डोंगराखालच्या एका वाडीचा रस्ता तुटलाय. सिव्हिल प्रशासनाने मदत मागितलीय. पहाटे निघायचं. तू पुढच्या गाडीत."

पुढची गाडी म्हणजे डिझेलची फोर बाय फोर, मागे दोन स्ट्रेचर बसतील अशी. तिचा ड्रायव्हर नायक दत्तू सानप. बीडकडचा, डोंगराळ भागातला. अंगाने किरकोळ, पण हातात स्टिअरिंग आलं की माणूस बदलायचा. मी एमटी पार्कमध्ये, गाड्यांच्या तळावर, गेलो तर हा पठ्ठ्या भर पावसात गाडी धूत होता.

"अरे, तुला काय खूळ लागलंय? पाऊस धुतोय की तिला."

"उस्ताद, पावसानं चिखल येतो. जात नाही."

 लष्करात ज्युनिअर पोरं आम्हाला उस्ताद म्हणतात. दत्तू म्हणायचा तेव्हा त्यात थोडी चेष्टाही असायची. आम्ही दोघांनी मिळून तेल, पाणी, बेल्ट, बॅटरी बघितली. टाकी गळ्यापर्यंत भरली. गाडीत काही खोट नव्हती, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो.

पहाटे घाट उतरलो. खोपोली मागे टाकून आत वळलो आणि उजाडता उजाडता ओढ्याशी पोचलो. वाडीचं नाव मी लिहीत नाही, तिथली माणसं अजून तिथेच राहतात. ओढ्यावरची मोरी वाहून गेली होती. पलीकडून वाडीपर्यंत कच्चा रस्ता, एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला ओढ्याचं पात्र. कॉलमच्या कॅप्टन साहेबांनी ठरवलं की फक्त आमची गाडी पाण्यातून पलीकडे न्यायची. बाकी कॉलम आणि सिव्हिलची ॲम्ब्युलन्स अलीकडे थांबेल.

मी कमरेला दोर बांधून, काठी टेकत ओढ्याचा तळ बघायला उतरलो. तळ दगडाचा होता, गाडी जाईल इतका घट्ट. तेवढ्या वेळात दत्तूने गाडी पाण्यासाठी तयार केली. त्याची एक ड्रिल असते. जिथून पाणी आत शिरेल ती सगळी भोकं ग्रीस आणि रबरी पट्ट्यांनी बंद करायची, आणि पाणी ओलांडलं की आधी ती उघडायची, मग पुढचं. हे काम ड्रायव्हरचं. दत्तूने ते कधी चुकवल्याचं मी तरी बघितलं नव्हतं.

गाडी पार झाली. मी, सुभेदार साहेब आणि चार जवान दत्तूबरोबर होतो. पलीकडच्या काठावर एक बाई अनवाणी उभी होती. आम्ही थांबायच्या आत तिने दरवाजाला हात घातला.

"सायेब, माजी सासू भितीखाली हाय! जित्ती हाय, आवाज देतेय! बिगी बिगी चला ओ!"

तिचं नाव सुरेखा. तिला गाडीत ओढून घेतलं आणि दत्तूने गाडी जी पळवली ती थेट तिच्या दारात नेऊन उभी केली. इंजिन बंद केलं, जॅक आणि पहार उचलली आणि उडी मारली. आम्ही बाकीचे उतरतोय तोवर तो घरात शिरलाही होता.

मातीची भिंत अर्धी बसली होती. खाली यमुनाबाई, सुरेखाची सासू, मांडीपासून खाली दबलेली. पण तोंड शाबूत. दत्तू सरपटत तिच्याजवळ गेला तेव्हा ती म्हणाली, "आरं, तू घरी जेवतोस का नाय? एवढासा जीव, तू काय उचलणार?"

"मावशी, मी नाय उचलत. जॅक उचलतो."

त्याने तुळईखाली जॅक लावला, आम्ही पहारीने माती सैल केली, आणि बाई बाहेर आली. डाव्या पायाची अवस्था बघवत नव्हती. दत्तू शेवटचा निघत होता. जॅक सोडवायला मागे वळला, तेवढ्यात उरलेली भिंत आली आणि तिच्याबरोबर वासा. वासा त्याच्या छातीवर बसला.

आम्ही त्याला ओढून काढलं. तो उठून उभा राहिला, अंगावरची माती झटकली आणि म्हणाला, "काय नाय उस्ताद, मुका मार आहे." दोन पावलं टाकली आणि गुडघ्यावर बसला. ओठ पांढरे पडले होते. अशा पांढऱ्या रंगाची मला भीती वाटते. बाहेर रक्त दिसतं ते बांधता येतं, आत वाहतं त्याला मेकॅनिक काय करणार!

सुभेदार साहेबांनी चार जवानांना वाडीतली माणसं वरच्या शाळेत हलवायला मागे ठेवलं. मागच्या एका स्ट्रेचरवर यमुनाबाई, दुसऱ्यावर दत्तू, मध्ये सुरेखा. स्टिअरिंगवर मी, शेजारी साहेब. मी किल्ली फिरवली. गाडी थोडी कुरकुरली आणि चालू झाली. साहेबांनी रेडिओ उचलला. आम्ही अल्फा वन, कॅप्टन साहेब अल्फा.

"अल्फा वन फॉर अल्फा. दोन कॅज्युअल्टी. एक सिव्हिलियन, एक आपला. परत येतोय. ओव्हर."

"अल्फा. पाणी वाढतंय. तासाभरात क्रॉसिंग बंद होईल. लवकर या. ओव्हर."

"रॉजर."

निम्म्या वाटेवर गाडीने धक्के द्यायला सुरुवात केली. ॲक्सिलरेटर दाबला तर इंजिन उचलायच्या ऐवजी बसत गेलं. मी गाडी डोंगराच्या अंगाला घेतली, कारण दुसऱ्या अंगाला काठ ढासळत होता. तिथे तिने शेवटचा आचका दिला आणि बंद पडली. मी हँडब्रेक ओढतोय तेवढ्यात वरून ओली माती घसरली. मोठी दरड नव्हे, पण पुरेशी होती. आमची पूर्ण डावी बाजू खिडकीपर्यंत गाडली गेली. आरशात बघितलं तर मागचा रस्ता दिसत नव्हता, नुसता लाल चिखल. पुढे ओढा. उजवीकडे पात्र. जाण्यासारखी एकच दिशा उरली होती आणि तिकडे नेणारी गाडी मेलेली.

"आय गो!" सुरेखा म्हणाली. एवढंच. मग तिने सासूचा हात धरला.

स्ट्रेचर उचलून पायी गेलो असतो का? साहेबांनीही तेच विचारलं. ओढ्याशी पोचलो असतो. पण त्या पाण्यात दोन माणसांनी स्ट्रेचर धरून उभं राहणं शक्य नव्हतं. पाण्याला टक्कर द्यायला गाडीचं वजनच लागत होतं.

"गायकवाड, किती वेळ?"

"बघतो साहेब."

मी सेल्फ मारला. इंजिन जोरात फिरलं, पकडलं नाही. म्हणजे बॅटरी ठीक. सायलेन्सरमधून धुराची रेघही नाही. डिझेल गाडी सेल्फ घेते आणि धूर देत नाही, म्हणजे डिझेल आत पोचतच नाही. हे कुठल्याही गॅरेजमधला माणूस सांगेल. पण कुठे अडलंय, हे शोधताना सेल्फ मारत बसायचं नाही. बॅटरी उतरली की संपलं. ढकलून चालू करायचं म्हटलं तरी पंपात डिझेल आधी यायला हवं, आणि चिखलात रुतलेली गाडी ढकलणार कोण?

मी उजव्या दाराने बाहेर पडून बॉनेट उघडलं. इंजिन बंद करणारा सोलेनॉइड असतो, तो अडकला तरी डिझेल थांबतं. साहेबांना किल्ली फिरवायला सांगितली. टक् आवाज आला. तो ठीक होता. मग फिल्टर. आम्ही पाण्यातून आलो होतो, त्यामुळे डिझेलमध्ये पाणी गेलं असणार, हेच माझ्या डोक्यात बसलं होतं. खालचा नळ सोडला. थेंब थेंब डिझेल आलं, स्वच्छ, पण नळातून धार यायला हवी होती.

वरून बारके दगड बॉनेटवर येऊन आपटत होते. आत रेडिओ बोलत होता.

"अल्फा फॉर अल्फा वन. पोझिशन सांगा. ओव्हर."

"गाडी बंद. दुरुस्ती चालू. वेट, आउट," साहेब म्हणाले आणि खिडकीतून माझ्याकडे बघितलं. पुन्हा काही विचारलं नाही, याबद्दल मी त्यांचा कायमचा ऋणी आहे. काम करणाऱ्याच्या मानगुटीवर बसणारे साहेबही मी पाहिलेत.

यमुनाबाईचा आवाज आला, "काय रं, गाडी रुसली का तुजी?"

"होय मावशी."

"मग समजूत काढ तिची. माझा पाय जायचा तो गेला. हा पोरगा गार पडत चाललाय रं. त्याचा हात बघ, बर्फ झालाय."

सुरेखाने आपला पदर सोडून दत्तूच्या हातांभोवती गुंडाळला होता. दत्तूचे डोळे मिटलेले होते. मी तिकडे बघायचं थांबवलं. बघत राहिलो असतो तर हात चालले नसते.

फिल्टरच्या डोक्यावर हाताने दाबायचा पंप असतो. गाडीने एअर घेतली की तो दाबून डिझेल पुढे आणतात. मी तो दाबला. दाबला गेला, पण वर येईना. बोट काढलं तरी खालीच चिकटून राहिला. मी तसाच बघत राहिलो. लाईनमध्ये भोक असतं तर त्याने हवा ओढली असती आणि तो पोकळ लागला असता. डिझेल असतं तर भरून वर आला असता. हा वर येत नव्हता, म्हणजे मागून कुणीतरी तितक्याच जोराने ओढून धरलं होतं. मागे फक्त टाकी.

टाकीच्या झाकणाला बारीक भोक असतं. डिझेल खर्च होतं तेवढी हवा त्यातून आत जाते. भोक बंद झालं की टाकीत पोकळी होते, आणि एका हद्दीनंतर पंप कितीही ओढला तरी टाकी थेंब सोडत नाही. लहान मूल बाटलीचं निपल घट्ट तोंडात धरून दूध ओढतं, मग बाटली चेपली जाते आणि दूध यायचं थांबतं, तसंच हे. आमची टाकी अजून जवळजवळ भरलेली, आत हवा जेमतेम. म्हणून इतक्या थोड्या वाटेत तिने मान टाकली.

मला सगळं एकदम दिसलं. ओढ्याचा काठ, सुरेखा दाराशी, आणि दत्तू खाली न उतरता गाडी पळवतोय.

"साहेब, झाकणाचं सील. काढायचं राहिलंय."

"झाकण कुठे?"

"डाव्या बाजूला. मागच्या चाकापाशी."

डावी बाजू म्हणजे मातीत गाडलेली बाजू. आणि फावडं? तेही त्याच बाजूला बांधलेलं. त्या क्षणी मी जी शिवी दिली ती सुभेदार साहेबांनी ऐकली नाही असं दाखवलं.

साहेबांनी जेवणाचा मेस टिन घेतला, मी पाना घेतला आणि आम्ही गाडीच्या मागून माती उपसायला लागलो. उपसावी तेवढी वरून पुन्हा घसरत होती. मग सुरेखा उतरली. तिने आम्हाला बाजूला सारलं.

"असा नाय वो काढायचा चिखूल. आधी वरती बांद घाला, मग खालचा काढा. तुमी उपसताय आनि वरचा येतोय, काय फायदा?"

शेतात बांध घालणारी बाई. तिने दोन मोठे दगड आणि गाडीतली ताडपत्री आडवी लावून वरची माती अडवली, मग दोन्ही हातांनी खालून ओढायला लागली. नखं फुटली तरी थांबली नाही. ओढ्याचा आवाज वाढत चालला होता. 

हाताला रबर लागलं. सायकलच्या ट्यूबची पट्टी, खाली ग्रीसचा थर, एकावर एक घट्ट वेढे, शेवटचं टोक आत खोचलेलं. इतकं नेटकं सील मी ट्रेनिंग सेंटरमध्ये दाखवायला ठेवलं असतं. मला दत्तूचा राग आला. खरंच आला. आणि त्याच वेळी रडू फुटत होतं. मी पट्टी सोडवली, झाकण फिरवलं, आणि टाकीने लांब श्वास घ्यावा तशी सूंऽऽ करून हवा आत ओढली.

मी पुढे पळालो. पंप दाबला, वर आला. दाबत राहिलो. लाईनमधली हवा काढायचा ब्लीडिंग स्क्रू सैल केला, फेस आला, बुडबुडे आले, मग सलग डिझेल. स्क्रू आवळला. साहेबांनी सेल्फ मारला. इंजिन फिरलं, थांबलं. दुसऱ्यांदा मारला, बॅटरी जड झाल्यासारखी वाटली. मी पंप आणखी दाबला, हात भरून येईपर्यंत दाबला. तिसऱ्यांदा पांढरा धूर आला, गाडी अंगभर थरथरली आणि चालू झाली. यमुनाबाईने आतून "शाब्बास रं माज्या वाघा!" असा आवाज दिला. तो मला होता की गाडीला, माहीत नाही.

लो गिअर लावून गाडी चिखलातून ओढून काढली आणि ओढ्याशी आणली. पाणी सकाळपेक्षा हातभर वर चढलं होतं. पलीकडे कॅप्टन साहेब आणि दोर धरून उभी असलेली पोरं दिसत होती. आता पुन्हा पाण्यात शिरायचं, म्हणजे झाकण पुन्हा बंद करायला हवं होतं. मी इंजिन चालू ठेवून उतरलो. पट्टी हातात घेतली. ग्रीसमुळे पट्टी निसटत होती.

"उस्ताद."

दत्तूचे डोळे उघडे होते. मागच्या दारातून तो माझ्याकडे बघत होता.

"आधी ओढून धरा. मग वेढा द्या."

मी तसंच केलं. पट्टी बसली.

"माझं राहिलं काढायचं," तो म्हणाला.

"गप्प पड. बोलू नकोस."

"मी सगळं ऐकत होतो, उस्ताद. मला सांगायचं होतं. आवाजच निघेना."

 मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. हात ग्रीसने भरलेला होता, त्याच्या कपाळाला काळं लागलं. मग स्टिअरिंगवर बसलो.

पाणी बॉनेटवर आलं. मधोमध गाडी एका अंगाला सरकली आणि सुरेखाने डोळे मिटले. मी ॲक्सिलरेटर एकसारखा धरून ठेवला, तळाचे दगड चाकांना लागत राहिले, आणि आम्ही बाहेर आलो. ॲम्ब्युलन्सकडे दोन्ही स्ट्रेचर पळवत नेले. मी दत्तूच्या डोक्याकडच्या बाजूला होतो. आत ठेवताना त्याने माझी बाही धरली.

"उस्ताद, आता काढा."

"काढतो रे बाबा. लगेच काढतो."

दार लागलं. मी परत जाऊन झाकण उघडलं आणि पट्टी हातात घेऊन तिथेच चिखलात बसलो. पनवेलच्या वाटेवर, चौक गावाच्या पुढे, नायक दत्तू सानप गेला. रेडिओवर ते आधी कॅप्टन साहेबांनी ऐकलं. त्यांनी टोपी काढली, तेव्हा आम्हाला कळलं.

यमुनाबाईचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. बाई वाचली.

चौकशीत मला विचारलं, गाडी का बंद पडली? मी जे होतं ते सांगितलं. ते सोपं होतं, समोर साहेब लोक होते. अवघड काम नंतर आलं. त्याला गावी न्यायच्या एस्कॉर्टमध्ये माझं नाव होतं. अंत्यसंस्कार झाले, सलामी झाली, गर्दी पांगली. आम्ही निघायच्या तयारीत होतो. दत्तूचे वडील ओट्यावर बसले होते. त्यांचं सगळं आयुष्य पॅसेंजर जीप चालवण्यात गेलेलं. दत्तूच्या हातात पहिलं स्टिअरिंग त्यांनीच दिलेलं. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"तुमी व्हतात ना संगं?"

"होय बाबा."

"लोक म्हनत्यात, वाटंत गाडी बंद पडली. कशानं?"

सुभेदार साहेबांनी माझ्याकडे बघितलं. जुनी गाडी होती, असं म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण हा माणूस ड्रायव्हर होता. त्याने पुढचा प्रश्न विचारला असता आणि माझं खोटं तिथेच उघडं पडलं असतं. शिवाय दत्तूच्या गाडीला मी खोट कशी लावू? मी सांगितलं. झाकण बांधलेलं, पाणी ओलांडल्यावर काढायचं राहिलं, टाकीत हवा जायची थांबली.  झाकण म्हटल्यावर त्यांना बाकीचं समजावून सांगावं लागलं नाही.

"म्हंजी दत्तूनंच बांधलेलं."

"होय."

"आन काडायचं कामबी त्याचंच."

"होय बाबा."

ते बराच वेळ अंगणातल्या जीपकडे बघत राहिले. मी आयुष्यात इतका अडकून पडलो नव्हतो. त्या डोंगराखालच्या रस्त्यावरसुद्धा नाही.

"न्हाई काडलं, तवा काय करीत व्हता?"

"एक म्हातारी भिंतीखाली होती. तिच्याकडे धावला."

"वाचली का ती?"

"वाचली."

त्यांनी मान हलवली. "मंग बराबर हाय. झाकन काय, ते मागून बी काडता येतं. तुमी काडलंच की."

  त्या म्हाताऱ्यासमोर, त्याच्या ओट्याच्या खाली, मी टाचा जुळवून सावधानमध्ये उभा राहिलो. कुणी ऑर्डर दिली नव्हती. माझ्या बाजूला सुभेदार मोरे साहेबही उभे राहिले.

"आता उभं नका ऱ्हाऊ," ते म्हणाले. "बसा. दत्तूची आई च्या टाकतीय."

आम्ही बसलो आणि चहा घेतला.